हिमस्खलन : बर्फाचे थर आणि उताराखालची माणसे

शाळेच्या स्मरणिकेत बर्फाविषयीचा अभ्यासलेख कशासाठी, असा प्रश्न काही माजी विद्यार्थ्यांना पडेल. पालकांना तर निश्चितच पडेल. आपल्या भागात गारपीट होते, धुके पडते, कडाक्याची थंडी पडते. बर्फाचा थर मात्र आपण फ्रीजमध्येच पाहतो. या प्रश्नाचे उत्तर २५ जानेवारी २०१७ या तारखेत आहे. त्या दिवशी काश्मीरमधील गुरेझ खोऱ्यात, नियंत्रण रेषेजवळ, हिमस्खलनांनी लष्कराच्या छावणीवर आणि गस्तीवरील तुकडीवर घाला घातला. १४ जवान मरण पावले. त्याच सुमारास त्याच खोऱ्यात एका घरातील चौघे बर्फाखाली गेले. मृत जवानांत आपल्या अकोला आणि यवतमाळ जिल्ह्यांतील तरुण होते. ज्यांच्या गावी बर्फ कधी पडला नाही, त्यांचे मरण बर्फात लिहिले गेले.

अशा प्रसंगी शोकसभांत ‘निसर्गाचा कोप’ आणि ‘काळाचा घाला’ हे शब्द हमखास ऐकू येतात. दुःखाच्या क्षणी शब्दांची छाननी करू नये, हे आम्हांस मान्य आहे. आम्हीही वरच्याच परिच्छेदात ‘घाला’ हा शब्द वापरला आहे. तथापि ‘कोप’ म्हटले की चौकशी तेथेच थांबते, कारण कोपाला कारण विचारायचे नसते. इतिहासाच्या शिक्षकाला असे थांबता येत नाही. काय घडले, कोठे घडले, तेथेच का घडले आणि त्या वेळी त्या जागी नेमके कोण होते, हे चार प्रश्न आम्ही वर्गात प्रत्येक घटनेला लावतो. तेच येथे बर्फाला लावून पाहावयाचे आहेत. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे भौतिकशास्त्रात आहेत. त्या विषयाच्या सहकाऱ्यांनी आमची ही घुसखोरी सोसावी.

थर कसे घडतात

डोंगरावर साठलेला बर्फ म्हणजे एकाच जातीचा मोठा ढीग, अशी समजूत चित्रपट पाहून झालेली असते. वास्तविक प्रत्येक हिमवृष्टी स्वतंत्र थर टाकते. नोव्हेंबरमधला पहिला पातळ थर, त्यावर उन्हाने वितळून रात्री गोठलेली कडक पापडी, मग डिसेंबरमधील वादळाने टाकलेला मऊ थर, त्यावर वाऱ्याने दुसरीकडून उचलून आणून दाबून बसवलेला दाट थर, अशी ही चळत मार्चपर्यंत वाढत जाते. इनामगावच्या उत्खननात जमीन कापून वस्तीचे थर वाचले गेले, त्याच रीतीने बर्फाचा अभ्यासक उतारावर खड्डा खणतो, त्याची एक भिंत सरळ तासतो आणि थर वाचतो. कठिणता तपासण्याची त्याची पद्धत मोठी साधी आहे. थरात मूठ शिरते की चार बोटे, एकच बोट की पेन्सिल, की केवळ चाकूचे पाते, यावरून थराची प्रत ठरते. शिवाय तो भिंगाखाली दाणे पाहतो आणि ठरावीक खोलीवर तापमान मोजतो. कठीण थराखाली मूठ सहज शिरेल असा थर सापडला, की तो सावध होतो.

पुरातत्त्वाच्या आणि बर्फाच्या थरांत एक मोठा भेद आहे. मातीचा थर पडला की बहुधा तसाच राहतो. बर्फाचा थर पुरला गेल्यानंतरही आतल्या आत बदलत असतो. जमिनीत उष्णता साठलेली असते, म्हणून जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो. वरचा पृष्ठभाग मात्र निरभ्र रात्री शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरतो. बर्फ दोन-तीन मीटर जाड असेल, तर तापमानातला हा फरक लांबवर पसरतो आणि दाणे सावकाश गोल होत एकमेकांना चिकटतात. थर बळकट होतो. बर्फ पातळ असेल, तर तेवढाच फरक थोड्या अंतरात सामावतो. दर दहा सेंटिमीटरला सुमारे एक अंशाहून अधिक फरक पडू लागला, की खालच्या उबदार भागातली वाफ वर सरकते आणि वरच्या दाण्यांवर पुन्हा गोठते. अशाने जे दाणे वाढतात ते कोनदार, पैलूदार असतात. ते एकमेकांना धरून ठेवीत नाहीत. हातात घेतले तर जाड साखरेसारखे बोटांमधून ओघळतात.

येथे सामान्य समजुतीला धक्का देणारी गोष्ट हाती येते. हिवाळ्याच्या आरंभी बर्फ कमी पडला आणि त्यानंतर निरभ्र, कडक थंडीचे दिवस लांबले, तर तो हिवाळा अधिक धोक्याचा ठरू शकतो. कारण त्या दिवसांत तळाचा पातळ थर साखरेसारखा भुसभुशीत होऊन बसतो आणि पुढे जानेवारीत येणाऱ्या मोठ्या हिमवृष्टीला पाया म्हणून तोच मिळतो. पाया खराब असल्याचे वरून पाहणाऱ्याला दिसत नाही. वर शुभ्र, सपाट, आमंत्रण देणारा उतार असतो.

दुसरा एक दुबळा थर याहून सुंदर आणि याहून फसवा आहे. आपल्याकडे थंडीत पहाटे गवतावर दव पडते. तेथे ते दव बर्फाच्या पृष्ठभागावर पिसांसारख्या चमकदार पापुद्र्यांच्या रूपाने गोठते. नवा बर्फ त्यावर हलकेच पडला, की काही मिलिमीटर जाडीचा हा थर गाडला जातो. दोन थरांच्या मध्ये उभ्या ठेवलेल्या पत्त्यांसारखी त्याची अवस्था असते आणि ती कित्येक आठवडे टिकू शकते.

लादी, उतार आणि वारा

सर्व हिमस्खलने एकसारखी नसतात. सैल बर्फ एका बिंदूपासून सुटून खाली पसरत जातो, तो प्रकार पुष्कळ दिसतो आणि बहुधा लहान असतो. वसंतात किंवा पावसाने बर्फात पाणी मुरले, की जड, ओला बर्फ सावकाश पण प्रचंड वजनाने घसरतो; तो दुसरा प्रकार. परंतु डोंगरात फिरणाऱ्या माणसांचे सर्वाधिक बळी घेणारा प्रकार लादीचा आहे. दुबळ्या थरावर एकजीव झालेला घट्ट थर म्हणजे लादी. पाटावर ज्वारीचे दाणे पसरावेत, त्यावर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा आणि पाटाचे एक टोक हळूहळू उचलावे. एका क्षणी फरशी सुटते. ती दाण्यादाण्याने सरकत नाही, एकदम सुटते. डोंगरावर ही फरशी शंभर मीटर रुंद असू शकते आणि जाडी माणसाच्या उंचीइतकी. पायाखाली दुबळा थर एका ठिकाणी मोडला, की ती मोड आडवी धावत जाते, लादीला वरच्या बाजूस तडा जातो आणि माणूस तड्याच्या खाली, हलत्या लादीवर उभा असतो. त्याला वरच्या कडेकडे पळायला वेळच मिळत नाही. सुटलेली लादी काही सेकंदांत फुटते आणि ताशी ८० ते १०० किलोमीटरचा वेग गाठू शकते. कोरड्या भुकटीचे मोठे लोट याच्या दुप्पट-तिप्पट वेगानेही उतरतात.

फरशी सुटण्यासाठी चढ पुरेसा हवा आणि फार नको. लादीची बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. याहून पुष्कळ उभ्या कड्यावर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळून जातो. याहून सौम्य उतारावर लादी सहसा सुटत नाही, परंतु वरून सुटलेली लादी तेथपर्यंत येऊन पोचते, हे विसरून चालत नाही. घरातल्या जिन्याचा चढ साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे जो उतार चढायला जमेल आणि घसरायला मजेचा वाटेल, नेमका तोच धोक्याच्या मापात बसतो.

वाऱ्याचे काम बर्फवृष्टीपेक्षाही वेगवान असते. वारा डोंगराच्या एका अंगावरचा बर्फ उचलतो आणि धारेपलीकडच्या आडोशाच्या अंगावर नेऊन टाकतो. आभाळ निरभ्र असतानाही काही तासांत तेथे मोठा भार चढतो. धारेवर पुढे झुकलेला बर्फाचा छज्जा दिसला, तर वारा कोणत्या बाजूने कोणत्या बाजूस वाहत होता आणि भार कोठे साठला आहे, हे त्यावरून कळते.

एवढी सिद्धता झाल्यावर निमित्त क्षुल्लक असले तरी पुरते. नवा बर्फ, पाऊस, दुपारचे ऊन किंवा एका माणसाचे वजन. पर्यटक आणि गिर्यारोहक ज्यांत मरण पावले, अशा हिमस्खलनांच्या पाश्चात्त्य देशांतील नोंदी पाहिल्या तर दहांपैकी सुमारे नऊ प्रसंगी लादी त्या माणसानेच किंवा त्याच्या सोबत्यांनी सोडवलेली आढळते. यात धक्का बसण्यासारखे जितके आहे, तितकेच धीर देण्यासारखेही आहे. कारण ज्या निमित्तावर माणसाचा ताबा आहे, ते टाळताही येते. बर्फ सूचनाही देतो. जवळपासच्या तशाच उतारावर ताजे स्खलन झालेले दिसणे, पावलाखालून ‘धप्प’ असा पोकळ आवाज होऊन बर्फ किंचित खचणे, पावलांपासून तडे धावत जाणे, ही तीन चिन्हे दिसली की परत फिरावे, यावर जगभरच्या जाणकारांचे एकमत आहे.

हिमालयातील बर्फ

पश्चिम हिमालयात हिवाळी बर्फ आणणारे ढग मोसमी वाऱ्यांचे नसतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे येणारे, हवामानखाते ज्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणते, ते झोत हा बर्फ आणतात. अभ्यासकांनी या पर्वतप्रदेशाचे स्थूलमानाने तीन पट्टे मानले आहेत. पीर पंजालच्या पट्ट्यात बर्फ भरपूर आणि हवा तुलनेने सौम्य. तेथील धोका बहुधा नव्या बर्फाच्या वजनाचा असतो आणि हिमवृष्टीच्या वेळी किंवा लगेच नंतर तो सर्वाधिक असतो. त्यामागील बृहद्हिमालयात थंडी अधिक. आणि अगदी उत्तरेस काराकोरममध्ये, सियाचिनच्या प्रदेशात, बर्फ कोरडा आणि थंडी भयंकर. तेथे साखरेसारखा भुसभुशीत थर दीर्घकाळ टिकतो आणि वादळ ओसरून गेले म्हणून निश्चिंत होता येत नाही. पट्टा बदलला की सावधगिरीचे नियमही बदलतात. मनाली परिसरात मिळालेला अनुभव लडाखमध्ये जसाच्या तसा उपयोगी पडेलच असे नाही.

या प्रदेशांतील रहिवाशांना हिमस्खलन नवे नाही. लाहौलचे उदाहरण घेऊ. हे बौद्ध गोम्पांचे, जव आणि बटाट्याच्या शेतीचे खोरे पूर्वी रोहतांगची वाट बंद झाली की वर्षातले कित्येक महिने जगापासून तुटत असे. मार्च १९७९ मध्ये तेथे लागोपाठ हिमस्खलने होऊन दोनशेहून अधिक माणसे गेली. काश्मीरच्या कुलगाम भागातील वाल्टेंगू नार या गावी फेब्रुवारी २००५ मध्ये दीडशेहून अधिक माणसे एका रात्रीत गाडली गेली. गावांच्या बाबतीत ‘माणसाने लादी सोडवली’ हा निष्कर्ष लागू पडत नाही. तेथे प्रश्न जागेचा असतो. हिमस्खलनाच्या वाटा ठरलेल्या असतात. झाडे नसलेली उभी पट्टी, बुंध्याशी खाली झुकलेली खोडे, वरच्या बाजूची साल खरवडलेले वृक्ष यांवरून त्या ओळखता येतात. अशी झाडे तर दस्तऐवजच असतात. बर्फाचा तडाखा बसलेल्या झाडाच्या वार्षिक वलयांत त्या वर्षाचा व्रण राहतो. हिमाचलातील अशा वलयांच्या आधारे केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला असून अलीकडच्या दशकांत तापमानवाढीबरोबर तेथील हिमस्खलने वाढल्याचे त्यात दाखवले आहे. हिवाळ्यात अवेळी ऊब आणि पाऊस आला की बर्फ ओला होऊन सुटतो, हे त्यामागचे कारण. कागदपत्रे नसलेल्या काळाचा इतिहास लाकडातून वाचता येतो, याचा आम्हांस व्यवसायबंधू म्हणून आनंद वाटला.

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलचा हिवाळी एकांत संपला. रुग्णाला दवाखान्यात नेणे शक्य झाले, हा त्याचा फार मोठा लाभ. पण त्याबरोबर जानेवारीत बर्फ पाहायला येणाऱ्या गाड्यांच्या रांगाही आल्या. त्या रांगांत महाराष्ट्राचे क्रमांक लावलेली वाहने असतात. स्थानिक माणूस ज्या ओढ्याच्या तोंडाशी हिवाळ्यात थांबत नाही, तेथे गाडी लावून छायाचित्रे काढली जातात.

प्रशिक्षण असले म्हणजे सर्व साधले, असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींवर आणि शिक्षकांवर हिमस्खलन कोसळले. २९ जण गेले. त्यांत त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे अवघ्या १६ दिवसांत सर करणाऱ्या सविता कंसवाल होत्या. सुटलेल्या बर्फाबरोबर अनेक जण खालच्या हिमविवरात गेले. लादी लहान की मोठी, याइतकाच ती माणसाला कोठे नेऊन टाकते, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. खाली मोकळे मैदान असेल तर बर्फ पसरतो; घळ, विवर किंवा ओढ्याचे पात्र असेल तर तोच बर्फ कित्येक मीटर खोल साठतो.

उताराखाली कोण होते

आता चौथा प्रश्न. त्यासाठी शंभर वर्षांपूर्वीच्या आल्प्समध्ये जावे लागेल. पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्या फौजा बर्फाच्छादित डोंगरांत समोरासमोर होत्या. मार्मोलाडा पर्वताच्या कुशीत, ग्रान पोझ या ठिकाणी, ऑस्ट्रियन फौजेच्या लाकडी बराकी होत्या. शत्रूच्या तोफा आणि गोळ्या तेथे पोचत नव्हत्या, म्हणून ती जागा सुरक्षित ठरवली गेली. डोक्यावर मात्र प्रचंड हिमभार होता. तेथील अधिकारी कॅप्टन रुडॉल्फ श्मिड यांना धोका कळला. त्यांनी वरिष्ठांना लेखी कळवून तळ हलविण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. डिसेंबरमध्ये अतोनात बर्फ पडला, मग हवा एकाएकी उबदार झाली आणि १३ डिसेंबर १९१६ च्या पहाटे, माणसे झोपेत असताना, डोंगर सुटला. सुमारे २७० सैनिक मेले. इतिहासात हा दिवस ‘पांढरा शुक्रवार’ म्हणून नोंदला गेला आहे. वास्तविक तो बुधवार होता. नावे कशी पडतात आणि टिकतात, याचा हा एक नमुना.

या घटनेत बर्फाचे अज्ञान कारणीभूत ठरले नाही. ज्याला बर्फ कळत होता, तो बराकीत होता. ज्याच्या हाती निर्णय होता, तो दूर होता. हाच धागा धरून आपल्या काळाकडे पाहिले, तर अस्वस्थ करणारे साम्य दिसते. २३ एप्रिल २०२१ रोजी चमोली जिल्ह्यातील सुमना येथे सीमा रस्त्यांच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर हिमस्खलन आले. ३८४ जणांना लष्कराने वाचवले, पण दहाहून अधिक दगावले. तेथील मजूर बहुसंख्येने झारखंडचे होते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच जिल्ह्यात, बद्रीनाथ आणि माणा यांच्या दरम्यान, मजुरांच्या राहण्याच्या कंटेनरांवर पहाटे बर्फ कोसळला. ५४ जण अडकले. ४६ वाचले आणि ८ गेले. लोखंडी कंटेनरांच्या पोकळीत हवा राहिली, म्हणून इतके तरी वाचले. या घटनेतील एक तपशील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चमोली आणि लगतच्या जिल्ह्यांतील उंच भागांसाठी हिमस्खलनाचा नारंगी इशारा आदल्याच दिवशी जारी झालेला होता.

म्हणजे शास्त्राने आपले काम केले होते. इशारा चंदीगडहून निघाला, तो वृत्तसंस्थांपर्यंत गेला, जिल्हा मुख्यालयांपर्यंत गेला. बिहार, उत्तर प्रदेश, उत्तराखंडातून रोजीसाठी आलेला आणि कंटेनरमध्ये झोपलेला माणूस त्या साखळीच्या शेवटच्या टोकाला होता. त्याला इशारा कळला असता, तरी ‘आज रात्री मी येथे झोपणार नाही’ असे म्हणण्याची सोय त्याला कितपत होती? एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू हिमप्रपातात १८ एप्रिल २०१४ रोजी हिमकड्याचा भाग कोसळून १६ नेपाळी कामगार गेले. ते स्वतःच्या हौसेने तेथे नव्हते. इतरांच्या मोहिमेसाठी दोर आणि सामान वाहत होते. सियाचिनमध्ये १९८४ पासून शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानाने आणि भूप्रदेशाने अधिक जवान गेले. पलीकडच्या बाजूसही तेच. ७ एप्रिल २०१२ रोजी गयारी येथे पाकिस्तानी लष्कराचा तळ गाडला जाऊन १४० माणसे मेली. तळाची ती जागा वर्षानुवर्षे सुरक्षित समजली गेली होती.

सैनिकाला कोठे उभे राहावयाचे, हे निवडता येत नाही, आणि देशाच्या सीमेचे रक्षण ही चेष्टेची गोष्ट नव्हे, हे आम्ही जाणतो. आमच्या वर्गांतून गेलेली मुले आज त्या सीमेवर आहेत. म्हणूनच छावणीची जागा ठरविणाऱ्या टेबलावर बर्फाच्या अभ्यासकाचे म्हणणे शेवटच्या ओळीत जाऊ नये, आणि मजुराच्या कंत्राटात ‘इशारा असेल त्या दिवशी काम नाही, पण रोज मिळेल’ अशी अट असावी, असे आमचे मत आहे. रोज बुडणार असेल तर कोणताही इशारा पाळला जाणार नाही.

आपल्या देशात या अभ्यासाची यंत्रणा जुनी आहे. १९६९ साली मनाली येथे बर्फ आणि हिमस्खलनांच्या अभ्यासाची संरक्षण संशोधनाची संस्था सुरू झाली. २०२० मध्ये तिचे रूपांतर भू-सूचनाविषयक व्यापक संस्थेत झाले आणि तिचे मुख्यालय चंदीगडला आहे. हिवाळ्यात जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडासाठी ती हिमस्खलनाच्या धोक्याची पत्रके काढते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. वाचणाऱ्याची चूक बहुधा मधल्या पायरीवर होते. पाचांपैकी तिसरी म्हणजे ‘मध्यम, चालेल’ असा अर्थ आपण परीक्षेच्या गुणांच्या सवयीने लावतो. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीवर एका माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते. युरोपात सर्वाधिक बळी याच पायरीच्या दिवशी जातात, कारण चौथ्या-पाचव्या पायरीला माणसे घराबाहेर पडत नाहीत.

केदारकंठा किंवा त्यासारख्या हिवाळी भटकंतीला आपल्यातील अनेक तरुण हल्ली जातात. भाड्याचे बूट आणि गट-छायाचित्र यांखेरीज त्यांनी आयोजकाला काही विचारावे. त्या दिवशीचे पत्रक पाहिले का? वाटेतला कोणता उतार तीस अंशांहून उभा आहे आणि तो एकेकट्याने ओलांडायचा की घोळक्याने? प्रत्येकाजवळ संकेत देणारे यंत्र, जोडून लांब होणारी शोधकाठी आणि फावडे आहे का, आणि ते वापरायचा सराव कोणी केला आहे का? ही तीन साधने एकत्र असतील तरच उपयोगी आहेत. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. अर्ध्या तासानंतर ती एक-तृतीयांशावर येते. एवढ्या वेळात खालच्या गावातून मदत येणे अशक्यच. फावडे सोबत्याच्याच हातात असावे लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनच्या सोनम चौकीवर गाडले गेलेले लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, ही गोष्ट सर्वांच्या स्मरणात आहे. तो विलक्षण अपवाद होता. रुग्णालयात त्यांचेही निधन झाले. त्या चौकीवरील दहाही जवान गेले आणि त्यांत सातारा जिल्ह्यातील एक होता.

भूगोलाच्या तासाला ज्वारी, फरशी आणि पाट यांचा प्रयोग सहज करता येतो. कोनमापक पाटाच्या कडेला बांधावा. आधी नुसती फरशी ठेवून पाट उचलावा, मग फरशीखाली दाणे पसरून, मग फरशीवर आणखी एक फरशी ठेवून, आणि शेवटी फरशी सुटायच्या बेतात असताना एका मुलाला तिच्यावर बोट टेकवायला सांगावे. ती प्रत्येक वेळी किती अंशांवर सुटली, हे फळ्यावर लिहावे. आकडे दर वेळी थोडे वेगळे येतात. ते तसेच लिहून ठेवावेत.